न पेरलेला वाफा

दिवाळीचा फराळ कितीही चांगला साधला तरी चौथ्या-पाचव्या दिवशी जीव त्याला विटतो. चकलीचा डबा समोर असतो, अनारशाचा वास घरभर दरवळत असतो, आणि मन मात्र ज्वारीच्या भाकरीकडे आणि मेथीच्या भाजीकडे धाव घेते. सुदैवाने निसर्गाने आपल्या या दुबळेपणाची सोय आधीच करून ठेवली आहे. कार्तिक लागला की आमच्या किनवटच्या बाजारात हिरवा रंग उतरू लागतो. मेथी, शेपू, चुका, चाकवत, पालक. पुढे करडईची कोवळी पाने आणि हरभऱ्याचे शेंडे. जुडी स्वस्त, भाजीवाली उदार आणि वर मूठभर कोथिंबीर फुकट. अशा दिवसांत पालेभाजीविषयी कोणी नैतिक प्रश्न काढला तर लोक त्याला हसतील. दहा रुपयांच्या जुडीत धर्माधर्म तो कसला?

तरी मी तो प्रश्न काढणार आहे. कारण तो कार्तिकातल्या भाजीविषयी नाही, वैशाखातल्या भाजीविषयी आहे.

वैशाखातले किनवट ज्यांनी पाहिले नाही त्यांना त्याची कल्पना यायची नाही. मराठवाडा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर उघडे माळ येतात. आमचा भाग तसा नाही. सागाचे जंगल, डोंगर, पैनगंगेचे पात्र. पाऊसही मराठवाड्यात इतरत्र पडतो त्याहून अधिक. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तोवर हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. आजही आदिलाबाद आम्हांला नांदेडपेक्षा जवळ आहे, आणि आंबाडीच्या भाजीवर आमचे जे प्रेम आहे त्यात तेलंगणाचा वाटा मोठा आहे. पण उन्हाळ्यात सागाची पाने गळून जातात, डोंगर उघडे पडतात, पारा 44 अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि पालेभाजी नावाची वस्तू दिसेनाशी होते. धने पेरले तर उगवत नाहीत. पालक उगवलाच तर पाने मोठी होण्याआधी त्याला फुलोऱ्याची घाई होते. मेथीची पाने कडांना करपतात. ऋतूने जणू सांगून टाकलेले असते की आता दोन महिने हिरवे काही मागू नका.

माझ्या पुतण्याने हे सांगणे मानायचे नाही असे ठरवले. गावाबाहेरच्या आमच्या वडिलार्जित जमिनीत त्याने दहा गुंठ्यांवर हरितगृह उभे केले. हरितगृह म्हणजे काचेचा महाल अशी जर कोणाची समजूत असेल तर ती आधी दूर केली पाहिजे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी, एवढेच हे घर. सरकार खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून देते, बाकीचे कर्ज. आत सोळा गादीवाफे, प्रत्येकावर ठिबकच्या नळ्या, वाफ्यांमधून चालायला वाटा, वाटांवर तण उगवू नये म्हणून अंथरलेला काळा-चंदेरी कागद आणि वरून दुपारी धुक्यासारखे पाणी उडवणाऱ्या तोट्या. थंड देशांत असे घर बांधतात ते ऊब राखण्यासाठी. आमच्याकडे ते ऊन हाकलण्यासाठी बांधावे लागते. गेल्या वैशाखात मी प्रथम आत गेलो तेव्हा बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि आत गुडघ्याखाली सगळीकडे ओलसर, गार हिरवेपणा पसरला होता. मेथीचा तो किंचित कडवट वास आला आणि मला एकदम पौष महिना आठवला. पुतण्याच्या पाठीवर मी शाबासकीची थाप मारली. घरी परतताना मात्र मनात एक प्रश्न उगीचच टोचू लागला: वैशाखात पौषाचा वास घेण्याचा मला काय अधिकार?

हा प्रश्न मला एकट्यालाच पडला असे नाही. तो फार जुना आहे. रोमचा सम्राट तिबेरियस याला काकडीवर्गातले एक फळ रोज पानात लागे. त्यासाठी त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ते दिवसा उन्हात ढकलत नेत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली ठेवीत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. पण मला त्याहून अधिक भावली ती चीनमधली हकीकत. हान घराण्याच्या सम्राटाच्या मुदपाकखान्यासाठी एक बाग राखलेली होती. तीत भर हिवाळ्यात कांद्याची पात आणि इतर पालेभाज्या पिकवीत. वाफ्यांवर छप्पर घालीत आणि ऊब राहावी म्हणून रात्रंदिवस आगट्या धुमसत ठेवीत. म्हणजे पालेभाजीचे हरितगृह दोन हजार वर्षांपूर्वीही होते! इसवी सनापूर्वी 33 च्या सुमारास शाओ शिनचेन नावाचा एक मंत्री राजवाड्याच्या खर्चाचा कारभार पाहू लागला. त्याने सम्राटाला विनंती करून ही बाग बंद करवली. त्याचे म्हणणे असे की या अवेळी आलेल्या वस्तू आहेत, त्या माणसाला अपायकारक आहेत, आणि राजाच्या सेवेत त्या ठेवणे योग्य नाही. दरसाल कोट्यवधी नाण्यांची बचत झाली, अशीही नोंद त्या इतिहासात आहे.

या शाओ शिनचेनचा मला पहिल्या भेटीतच आदर वाटला. आपल्याकडच्या जुन्या माणसांना तो सहज जवळचा वाटला असता. चातुर्मासात श्रावणात पालेभाजी वर्ज्य करण्याचे व्रत माझी आजी पाळीत असे. त्यामागे पावसाळ्यातल्या किडीचे व्यावहारिक कारण असेल. पण व्रताचा खरा उपदेश वेगळा होता. जे मिळते आहे तेही काही काळ बाजूला ठेवता आले पाहिजे, असे ते व्रत सांगे. ऋतू हा माणसाच्या हावेला निसर्गाने घातलेला बांध आहे. तो फोडणारा माणूस एके दिवशी वाहून जाईल, असे काहीसे मी त्या रात्री स्वतःशी ठरवून टाकले आणि विचारवंताला शोभेल अशा समाधानाने झोपी गेलो.

सकाळी मात्र हे समाधान टिकले नाही. ज्या आजीचे व्रत मी आठवत होतो तीच आजी माघात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून सावलीत वाळवीत असे. वैशाखात ती वाळलेली भाजी भिजवून, हातावर चोळून, लसूण आणि शेंगदाण्याचा कूट घालून ती शिजवी. त्या भाजीचा खमंगपणा अजून माझ्या जिभेवर आहे. मग आजी काय करीत होती? तीही ऋतू ओलांडतच होती. लोणची, पापड, सांडगे, वाळवणे हा सारा खटाटोप काळावर मात करण्याचाच होता. आणि आमच्या शेजारच्या माहूरच्या डोंगरावर जिचे ठाणे आहे त्या जगदंबेचीच एक कथा अशी की, शंभर वर्षे पाऊस पडला नाही तेव्हा तिने स्वतःच्या देहातून शाक उत्पन्न केले आणि पाऊस येईपर्यंत जगाला पोसले. म्हणून तिचे नाव शाकंभरी. पौषात तिचे नवरात्र आपण आजही बसवतो. अवेळी उगवलेल्या पालेभाजीला चीनच्या मंत्र्याने अपायकारक म्हटले आणि आपल्या पुराणाने प्रसाद म्हटले!

या दोहोंत विरोध आहे काय? मला वाटते, नाही. सम्राटापुढे हिवाळ्यात दुसरी शंभर पक्वान्ने होती. शाकंभरीच्या लेकरांपुढे काहीच नव्हते. भाजी तीच, अवेळ तीच, ताट निराळे. म्हणजे वैशाखात मेथी पिकवावी की नाही हा प्रश्न मेथीला विचारण्यात अर्थ नाही. ती कोणाच्या ताटात पडते हे पाहिले पाहिजे.

आणि ताटांचा विचार करू लागलो तेव्हा मला मुंबईतली एक जुनी गोष्ट आठवली. 1928 साली ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांना रक्तक्षयाचा एक विशिष्ट आजार होई आणि त्यात पुष्कळ जणी दगावत. त्याचे कारण शोधणे हे तिचे काम होते. त्या बायकांच्या आहारात काहीतरी कमी पडते आहे असा तिचा तर्क होता. यीस्टच्या साध्या अर्काने त्यांचे रक्त सुधारते हे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. पण त्या अर्कातले नेमके कोणते द्रव्य गुण देते हे तिला सांगता आले नव्हते. ते 1941 साली अमेरिकेत हाती लागले. शास्त्रज्ञांनी चार टन पालक गाळून त्यातून ते वेगळे काढले, आणि लॅटिनमधल्या 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले. परळच्या चाळीतल्या त्या बाळंतिणी ज्याच्या अभावी मरत होत्या ते पानात होते. पानाला जगण्या-मरण्याशी इतके जवळचे नाते असेल असे आपल्याला जेवताना वाटत नाही.

आता आमच्या तालुक्यात गोंड, कोलाम, आंध यांची पुष्कळ गावे आहेत. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी राज्य सरकारने 2015 साली अमृत आहार योजना सुरू केली; तिच्या एक वेळच्या गरम जेवणात हिरव्या पालेभाजीलाही जागा आहे. योजना चांगली आहे. परंतु योजनेला महिने नसतात, भाजीला असतात. कागदावर बाराही महिने वाढलेली पालेभाजी वैशाखात आणायची कुठून? उत्तर आमच्याच शेतात हिरवेगार उभे होते. पण ते जुड्या बांधून, टोपल्यांत रचून, पहाटेच्या गाडीने लग्नसराईच्या जेवणावळींकडे निघून जात होते.

माझ्या मनातला हा सगळा गुंता एका बाईने एका वाक्यात उकलला. आमच्याकडे भाजी काढायला पाच-सहा बायका येतात. त्यांतली ही सर्वांत वडील. घरी गोंडी बोलते, आमच्याशी मराठी. तिची दोन मुले माझ्या हाताखाली शिकली. त्यामुळे ती मला अजून 'गुरुजी' म्हणते. तिची मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. चेहरा पांढुरका, पावलांवर सूज, चार पावले चालली की धाप. मी हे पाहिले होते. एका संध्याकाळी कामावरून सुटून ती रिकामी पाटी घेऊन निघाली तेव्हा मी सहज म्हटले, "अहो बाई, पोरीसाठी एक जुडी घेऊन जा की. मी सांगतो त्याला."

ती थांबली, थोडी हसली आणि म्हणाली, "नको गुरुजी. हे पेरलेलं हाय. पेरलेल्याला मालक असतो. आपोआप उगवलेल्याला कोण मालक?"

आणि ती निघून गेली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. लहान मुलाला एखादा साधा नियम समजावून सांगावा तसे ते होते. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो.

आपोआप उगवलेल्याला कोण मालक! ज्यांचे बालपण शेतात गेले आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. निंदणीला आलेल्या बायका संध्याकाळी घरी परतताना त्यांच्या ओटीत काय असे? तांदुळजा, कुंजीर, घोळ, चिवळ, पाथरी. पहिल्या पावसानंतर बांधाबांधावर उगवलेला तरोटा तर कोणीही खुडावा. मालकाच्या लेखी ते तण होते. ते उपटण्यासाठीच तो मजुरी देत होता. त्याच्या दृष्टीने जो कचरा तोच बायकांच्या घरी रात्रीची भाजी होई. देणाऱ्याला आपण काही देत आहोत हे ठाऊक नसे, घेणारीला आपण काही मागत आहोत असे वाटत नसे. उपकार नाही, लाचारी नाही. असे देणेघेणे जगात फार थोडे असते.

कापणी झालेल्या शेतातला सरवा हा याचाच भाऊ. मालकाने कणसे नेल्यावर मागे पडलेली कणसे ज्याला मिळतील त्याची. महाभारतात अश्वमेधाच्या शेवटी अर्धे अंग सोन्याचे झालेले मुंगूस येते आणि धर्मराजाच्या यज्ञाला हसते. त्याने ज्याचे पुण्य मोठे म्हणून सांगितले तो कुरुक्षेत्रातला ब्राह्मण असेच वेचलेले दाणे खाऊन जगत होता. तिकडे ज्यूंच्या धर्मग्रंथात शेतकऱ्याला आज्ञाच आहे की शेताच्या कडांपर्यंत कापू नकोस, खाली पडलेले उचलू नकोस. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. उघड्या शेताला कडा असतात, खाली सांडलेले असते, न पेरता उगवलेले असते. शेती करताना माणसाच्या हातून काहीतरी निसटतेच, आणि त्या निसटलेल्यावर दुसरा कोणी जगतो.

हरितगृहात काही निसटत नाही. तेच तर त्याचे कौशल्य. पाण्याचा थेंब मोजलेला, खताचा चमचा मोजलेला, तणाला वाव मिळू नये म्हणून वाटांवर कागद. त्या जाळीखाली जे जे उगवते ते सगळे पेरलेले असते आणि म्हणून त्या सगळ्याला मालक असतो. बाहेरच्या शेतांतही आता फार निराळे राहिलेले नाही. सोयाबीनवर आणि कपाशीवर तणनाशक फवारले की निंदणीही जाते आणि ओटीतली भाजीही जाते. हरितगृहाने ही गोष्ट केवळ शेवटाला नेली.

रॉबर्ट वुड या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने 1909 साली एक लहानसा प्रयोग केला होता. काचेच्या घरात ऊब का राहते याचे कारण लोक काचेच्या काही विशेष गुणात शोधत. वुडने दोन पेट्या घेतल्या. एकीला काचेचे झाकण, दुसरीला खनिज मिठाच्या पातळ तावदानाचे. मिठातून उष्णतेचे किरण सहज बाहेर जातात, तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे मुख्य किमया झाकणाच्या जातीत नव्हती. आतली तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही, एवढ्यातच ती होती. झाकण काही निर्माण करीत नाही. ते अडवून धरते. आमच्या बाईचे वाक्य ऐकल्यापासून हा प्रयोग मला सारखा आठवू लागला. छप्पर घातले की आतला ओलावा अडतो, सावली अडते, आणि त्यांच्याबरोबर शेतातून सहज बाहेर झिरपणारे ते बिनहिशेबी देणेही अडते.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला गाठले आणि हे सगळे त्याच्यापुढे मांडले. चीनचा मंत्री, शाकंभरी, सरवा, काही सोडले नाही. चाळीस वर्षे वर्गात बोलण्याची सवय. ती अशी सुटत नाही. त्याने हातातले काम न थांबवता ऐकून घेतले. मग म्हणाला, "काका, जाळी वादळात फाटली तर पुन्हा कर्ज काढावं लागेल. थंडीत माझ्या मेथीला कोणी विचारत नाही. तेव्हा सगळ्यांचीच मेथी असते. वर्षाचे हप्ते या दोन महिन्यांच्या भाजीवर फिटायचे आहेत. हरितगृहाच्या कर्जात बुडालेले शेतकरी कर्जमाफीसाठी रस्त्यावर आले, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल."

मी म्हटले, "पण म्हणून ऋतूच्या नियमाकडे अगदीच पाठ फिरवायची?"

तेव्हा तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. "काका, तुमची पेन्शन दर महिन्याला येते. तिला कुठे ऋतू आहे?"

मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. ऊन असो, पाऊस असो, महिन्याच्या आरंभी माझ्या खात्यात पैसे जमा होतात. आजारपण आले तर त्याची सोय आहे. माझ्या आयुष्यावर गेली कित्येक वर्षे एक जाळी ताणलेली आहे, आणि तिच्या सावलीत बसून मी उघड्यावरच्या माणसाला ऋतूचे माहात्म्य सांगत होतो. सुखवस्तू माणसाचे पुष्कळसे नीतिशास्त्र असेच असते. शाओ शिनचेनने निदान सम्राटाला उपदेश केला. मी कर्जदाराला करीत होतो.

घरी येऊन मी एक साधा उपाय काढला. रोज चार जुड्यांचे पैसे मीच द्यावेत आणि भाजी त्या बाईच्या घरी आणि अंगणवाडीत पोचवावी. पुतण्याने ते मान्य केले. अंगणवाडीचे काम सुरळीत सुरू झाले. तिथे भाजी सर्वांच्या ताटात पडत होती आणि कोणाला कोणापुढे वाकावे लागत नव्हते. पण बाईच्या घरी पाठवलेली जुडी पहिल्या दिवशी राहिली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. सोबत मूठभर चारोळ्या आल्या, पहिल्या दिवसाच्या जुडीची फेड म्हणून. मी मनातून जरा चिडलो. पोरगी धापा टाकते आहे आणि हिचा हा कसला ताठा? पण चिडण्याचे कारण शोधू लागलो तेव्हा ते माझ्याच मनात सापडले. तिने जुडी घेतली असती तर मला फार बरे वाटले असते. आणि ते बरे वाटणे तिला दिसत होते. तण उपटून नेताना तिच्याकडे असे कोणी पाहत नसे.

उपाय काढला तो पुतण्याने, आणि त्यावर व्याख्यान न देता काढला. आठ-दहा दिवसांनी मी शेतात गेलो तर दाराजवळचा सोळावा वाफा मोकळा दिसला. कागद काढलेला, माती भुसभुशीत केलेली, ठिबक मात्र चालू. मी विचारले, "इथं काय पेरलंस?"

"काही नाही," तो म्हणाला.

सावली आणि पाणी मिळाल्यावर वैशाखातली मातीही स्वस्थ बसत नाही. किती वर्षांचे बी तिच्या पोटात पडून असते कोण जाणे. आठवड्यात तांबूस देठांचा तांदुळजा वर आला, पाठोपाठ घोळ पसरली, कडेला कुंजीर दिसू लागले. पुतण्याने कोणाला काही सांगितले नाही. बायकांना एवढेच म्हणाला, "दाराजवळच्या वाफ्यात तण फार झालंय. जाता जाता उपटत जा." त्या संध्याकाळी आमच्या बाईच्या पाटीत तांदुळजा होता. माझ्याकडे पाहून ती काही बोलली नाही. मीही दुसरीकडे पाहिले; एवढे शहाणपण मला तोवर आले होते.

हा उपाय निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. सोळातला एक वाफा गेला म्हणजे दोन महिन्यांच्या मिळकतीचा सोळावा हिस्सा गेला, आणि ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत त्याला तो लहान नाही. तणावर किडी वाढतात आणि त्या शेजारच्या वाफ्यावर चढतात. त्यामुळे पुतण्याला पंधराव्या वाफ्यावर रोज नजर ठेवावी लागली. कोणी असेही म्हणेल की हे तण खरे तण नव्हे. पाणी देऊन मुद्दाम उगवलेले ते दानच, फक्त त्याने वेष पालटला आहे. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण मला त्यात दोष दिसत नाही. उघडे शेत जे अजाणता देत होते ते छपराखाली जाणूनबुजून द्यावे लागणार. आणि जाणूनबुजून द्यायचे तर घेणाऱ्याची मान ताठ राहील अशी वाट शोधणे हेही देण्यातच आले. जुन्या शेतकऱ्याला ही काळजी करावी लागत नव्हती. त्याच्या वतीने ती निसर्ग करीत होता. निसर्गाचे काम आपण आपल्या हाती घेतले तर त्याचे औदार्यही आपल्याच हाती आले. ते पेलायचे नसेल तर मग शाओ शिनचेनचे म्हणणे खरे ठरेल, आणि आपल्या जाळ्यांखालची भाजी खरोखरच अपायकारक होईल. खाणाऱ्याला नव्हे, पिकवणाऱ्याला.

बाईची मुलगी ज्येष्ठात बाळंत झाली. बाळ लहान पण नीट आहे. त्यात त्या तांदुळज्याचा हात किती, अंगणवाडीच्या जेवणाचा किती, दवाखान्यातल्या गोळ्यांचा किती, हे मला सांगता येणार नाही, आणि सांगण्याचा मोहही होत नाही. पुढे पाऊस आला, तरोटा बांधाबांधावर उगवला आणि सोळाव्या वाफ्याची कोणाला आठवण राहिली नाही. आता कार्तिकात तर बाजार हिरवागार आहे. परवा पुतण्याकडे फराळाला गेलो तेव्हा त्याने त्या वाफ्यात मेथी पेरलेली दिसली. मी काही विचारले नाही. पण तोच म्हणाला, "चैत्रात मोकळा करायचा आहे."

तो बोलला तसे करील असे मला वाटते. मला चिंता आहे ती माझी. माझ्या जाळीखालीही पुष्कळ वाफे आहेत. महिन्याच्या महिन्याला पाणी मिळणारे, काठोकाठ पेरलेले, काटेकोर मोजलेले. त्यांतला दाराजवळचा कोणता मोकळा ठेवायचा, हे या दिवाळीत मी शोधतो आहे.